दिवाळसणाचं हेल्मेट

मु. पो. कुरुंदा, ता. वसमत
कोजागिरी झाल्यानंतरचा पाचवा दिवस

विषय : आपल्या डोक्याबाबत.

श्रीमान वैजनाथराव,

जावईबापूंना सासऱ्याचा वयाने आशीर्वाद आणि नात्याने नमस्कार. (वर ‘विषय’ लिहिला गेला त्याचा राग नसावा. तीस वर्षं गावातल्या लोकांचे तहसीलला आणि बँकेला द्यायचे अर्ज लिहून देतो आहे, त्यामुळे कागद समोर आला की हात आपोआप ‘विषय’ लिहून मोकळा होतो. पुनमच्या लग्नपत्रिकेच्या मसुद्यावरही मी तो लिहिला होता. तुमच्या सासूबाईंनी वेळेवर खोडला म्हणून छापून आला नाही.)

आम्ही इकडे बरे आहोत. सासूबाईंचे गुडघे थंडीची वाट पाहत आहेत, माझी साखर डॉक्टरांना नको तिथेच आहे, हळद कमरेच्या वर गेली आहे आणि शेजारच्या मुंजाजीची तब्येत नेहमीप्रमाणे माझ्या जिवावर ठणठणीत आहे. तुमच्या मातोश्रींचा खोकला, वडिलांची कंबर आणि गोठ्यातली गाभण गाय यांची खुशाली कळवावी. सगळ्यांच्या आधी तुमच्या भुवईची कळवावी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला सोनं द्यायला आलात, पुरणपोळी खाऊन निघालात आणि गावाबाहेर पुलाच्या अलीकडे गाडी घसरून पडलात. डाव्या भुवईवर तीन टाके. पुनम कोजागिरीपर्यंत माहेरी थांबणार होती म्हणून मागच्या सीटवर कोणी नव्हतं. (हे वाक्य मी दोनदा लिहून दोनदा खोडलं, आता तिसऱ्यांदा लिहिलं आहे. राहू द्या.) विचारेल त्याला तुम्ही सांगितलंत की म्हैस आडवी आली. जनावरांच्या डॉक्टराला जनावरानेच पाडावं याचं गावाला भारी नवल वाटलं. मुंजाजी म्हणाला, एखाद्या म्हशीला टोचलेलं इंजेक्शन तिच्या लक्षात राहिलं असेल.

आता मुख्य गोष्ट. परवा पुनमचा फोन आला की यंदा दिवाळीला यायला जमणार नाही, जनावरांच्या लसीकरणाची मोहीम आहे. तेव्हापासून तुमच्या सासूबाई करंजीचा साचा फडताळातून काढतात, पुसतात आणि परत ठेवून देतात. लग्नानंतरचा पहिला दिवाळसण आणि जावई नाही, हे या घराने कधी पाहिलेलं नाही. लाळ्या-खुरकूत मी समजू शकतो, पण लसीकरण लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही असतं हे मला पटेना. म्हणून मनात पाल चुकचुकली, की तुम्ही रुसलात की काय. जावयाने रुसणं ही रीतच आहे, मीही माझ्या दिवाळसणाला सायकलीसाठी रुसलो होतो. पण जावयाने रुसायचं ते सासुरवाडीला येऊन, भरल्या ताटावर बसून रुसायचं. सेनगावात बसून रुसलं तर इथे समजूत कोणाची काढायची? फोनवर हे सगळं बोलता आलं असतं, पण फोन लागला की तुमच्या सासूबाई तो मोठ्या आवाजावर करून मधे ठेवतात, आणि मग सासऱ्याला जावयाशी हवामानाखेरीज दुसरं बोलता येत नाही. म्हणून हे पत्र. सेनगावला जीप नेणाऱ्या जगनच्या हाती देतो आहे. तो तांड्यावरचा शब्दाचा पक्का माणूस आहे, फोडून वाचणार नाही.

तर दिवाळसणाला तुम्हाला काय द्यायचं यावर घरात बरेच दिवस विचार चालला होता. सासूबाईंचं म्हणणं अंगठी. माझंही म्हणणं अंगठीच होतं. (आम्हा नवरा-बायकोचं एकमत झालेली ही संसारातली दुसरी गोष्ट. पहिली तुम्ही.) पण तुमच्या भुवईवरची पट्टी पाहिली आणि मला बोटाचं सोडून डोक्याचा घोर लागला. तुम्ही दिवसभर सेनगावच्या आसपास गावोगावी, तांड्या-तांड्यावर गाडीवर फिरता. लोकांच्या बैलाच्या शिंगाला इजा झाली तर धावत जाता आणि स्वतःचं डोकं मात्र उघडं ठेवून हिंडता. मी जाहीर करून टाकलं, की यंदा जावईबापूंना हेल्मेट. सासूबाई परातीतली कणीक सोडून बाहेर आल्या. “पैल्या दिवाळीला जावयाला टोपी घालून राहिलात व्हय? लोकं काय म्हनतील?” मी म्हणालो, लोक काय म्हणायचं ते म्हणतील, पण म्हणताना जावयाचं डोकं जागेवर असेल. त्यावर त्या परत कणकेकडे गेल्या, आणि त्या दिवशीच्या पोळ्या जाड झाल्या.

मुंजाजीला मागे बसवून मी वसमतला बालाजीच्या दुकानात गेलो. हा बालाजी मूळचा आपल्याच गावचा, गाड्यांचे आरसे, सीटकव्हर आणि हेल्मेट विकतो. मी म्हणालो, एक चांगलं हेल्मेट दे. तो म्हणाला, कसलं? मला वाटलं होतं की हेल्मेट म्हणजे हेल्मेट. पण वैजनाथराव, डोकं एकच असलं तरी ते झाकायच्या तऱ्हा फार आहेत. पहिलं अर्धं, म्हणजे नुसतं टाळूवर बसणारं. दुसरं कान झाकणारं पण तोंड उघडं ठेवणारं, समोर काच. तिसरं पूर्ण बंद, हनुवटीपर्यंत, माणूस आत गेला की बाहेर नुसते डोळे. चौथं दिसायला बंदच, पण कळ दाबली की जबडा वर उचलला जातो. बालाजी त्याला मॉड्युलर म्हणतो, मुंजाजी त्याला मगर म्हणतो. पाचवं एक चोच असलेलं होतं, डोंगरातून उड्या मारत गाडी चालवणाऱ्या पोरांसाठी. ते मी हातात घेऊन खाली ठेवलं. उड्या मारायची सोय करायला मी गेलो नव्हतो.

आता जावयाला द्यायची वस्तू दुकानात उभ्या उभ्या कशी ठरवणार? आपल्याकडे बस्त्याच्या वेळी लुगडी कशी आणतात ते तुम्ही जाणता. दुकानदार गठ्ठा बांधून देतो, घरी बायका पाहतात, पसंत पडेल ते ठेवतात, बाकीची परत. मी बालाजीला म्हणालो, चार दे, पसंतीला नेतो. तो म्हणाला, “काका, हे काय लुगडं हाय का?” मी म्हणालो, लुगडं तर वर्षात विटतं तरी आपण दहा पाहून घेतो, मग डोक्याची वस्तू एक पाहून कशी घेणार? तो फळीवरून चार खाली काढू लागला. मुंजाजी जामीन राहिला. ओरखडा पडू द्यायचा नाही आणि रविवारपर्यंत परत आणायची, या अटीवर बालाजीने चारही माझ्या पोत्यात घातली. (मालाबाबतची अट फक्त ओरखड्याची होती, हे लक्षात असू द्या.) येताना मुंजाजी मागे पोतं मांडीवर घेऊन बसला. चार हेल्मेटं मांडीवर आणि आम्हा दोघांची डोकी उघडी. हे तेव्हा आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

घरी गल्लीतल्या बायका जमल्या. त्यांनी हेल्मेटं उलटी केली, आतलं अस्तर चिमटीत धरून पाहिलं, एकीने उजेडात नेऊन रंग जाईल का विचारलं. अर्धं सगळ्यांना हलकं वाटलं, देण्याघेण्याच्या मानाने हलकं. बंदवालं पाहून सासूबाईंनी तोंड फिरवलं, कारण ते काळं होतं. संक्रांत सोडून जावयाला काळं देणं म्हणजे अपशकुन. मी सांगितलं की डोक्याला रंग कळत नाही. त्या म्हणाल्या, देवाला कळतो. मग त्यांनी चारही हेल्मेटांना हळदकुंकू लावलं, आणि ते बालाजीच्या ओरखड्याच्या अटीत बसत नसल्याने मी लावू दिलं.

मी ठरवलं की रोज एक हेल्मेट स्वतः घालून पाहायचं. जावयाला न पारखलेली वस्तू देणार नाही. पहिल्या दिवशी अर्धं. बाजारचा दिवस होता. कान मोकळे, तोंड मोकळं, ओळखी-पाळखी शाबूत, तंबाखूची सोय बराबर. मला वाटलं, हेच घ्यावं. पण फाट्यावर जरा गाडी पळवली तर वाऱ्याने ते मागे उलटलं आणि पट्टा गळ्यात अडकला. मी दाव्याला हिसका बसलेल्या वासरागत थांबलो. वर एक शेणकिडा नाकावर आदळून गेला. सासूबाईंनी निकाल दिला की हे टक्कल झाकायला चांगलं आहे, पण पडणाऱ्याने टकलावरच पडलं पाहिजे. तुम्ही भुवईवर पडलात, म्हणून अर्धं बाद.

दुसऱ्या दिवशी कान झाकणारं, उघड्या तोंडाचं. ते मला आवडलं हे खरं सांगतो. काच खाली केली की किडे बाहेर, चहा प्यायला वर केली की झालं. पण नाक, दात आणि हनुवटी देवाच्या भरवशावर. संध्याकाळी ते काढून मी ओसरीत कोनाड्याखाली ठेवलं आणि सकाळी पाहतो तर आमची तांबडी कोंबडी त्यात बसलेली. आत मऊ गादी, वरून आडोसा, कोंबडीला आणखी काय हवं? अंडं दिलं होतं. मी उठवायला गेलो तर सासूबाई म्हणाल्या, “असू द्या, कोंबडीला पसंत पडलं न्हवं? जावयाला दुसरं बघा.” त्यामुळे त्या हेल्मेटाची पारख तिथेच थांबली.

तिसऱ्या दिवशी काळं, बंदवालं. याची हकीकत मी लिहिणार नव्हतो, पण जगन तोंडी सांगेल आणि तिखटमीठ लावून सांगेल, त्यापेक्षा माझ्याच हातची बरी. तुम्हाला माहीत आहे, कुरुंद्यात गाडीवरून जाताना भेटेल त्याला नावाने राम राम घालावा लागतो. एकाला चुकलं तर तो तेराव्याला येतो पण लग्नाला येत नाही. त्या दिवशी मी वेशीपासून चौकापर्यंत सगळ्यांना राम राम घातला. एकानेही उलट राम राम केला नाही, सगळे नुसते टकमक पाहत राहिले. कारण साधं होतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की गाडी माणिकरावची आहे आणि वर बसलेला माणूस तोंड झाकून चालला आहे. चौकात मुंजाजीच्या चुलत्याने, म्हणजे मला अंगाखांद्यावर खेळवलेल्या दगडोबाने, काठी आडवी घातली. “कोन हाय रे? माणिकरावची गाडी काहून घेऊन चालला?” मी आतून ओरडलो की मीच माणिकराव. बाहेर नुसतं घुमल्यासारखं ऐकू गेलं, आणि चोर गुरगुरतो म्हणून दोघांनी माझे हात मागे धरले. त्यामुळे काच वर करता येईना. तोंडात तंबाखू होती आणि एवढ्या माणसांपुढे सवयीने मी थुंकलो. पुढचं तुम्ही डॉक्टर आहात, समजून घ्या.

आता काचेतून बाहेरचंही दिसेना. कोणीतरी सासूबाईंना बोलावून आणलं, की तुमची गाडी चोरणारा सापडला. त्या आल्या, माझ्याभोवती फिरल्या. हळद शिजवताना माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग पडला आहे, तो त्यांनी चपलेत पाहिला आणि म्हणाल्या, “सोडा. आमचंच ध्यान हाय.” सगळे हसले, दगडोबाने पाठ थोपटली, चहा झाला. पण एक सांगतो वैजनाथराव, त्या झटापटीत दगडोबाची काठी एकदा माझ्या डोक्यावर बसली होती, चांगली जोरात. मला नुसता आवाज आला. घरी येऊन आरशात पाहिलं, डोक्याला काही नव्हतं. तेव्हा मला तुमची भुवई आठवली.

चौथं मगरीचं. हे आपल्या गावासाठीच बनवलं असावं असं आधी वाटलं. माणूस दिसला की कळ दाबायची, जबडा वर, राम राम, जबडा खाली. पण घरापासून डेअरीपर्यंत त्या सकाळी तेवीस माणसं भेटली. एक हात सारखा जबड्यावर, एकच हात गाडीवर, आणि विसाव्या राम रामाला मी हापशाच्या कट्ट्यावर गेलो. (लागलं नाही. हापशालाही नाही.) हॉटेलात जबडा वर करून चहा घेतला. समोरचा काही बोलला की मान हलवून होकार द्यायची माझी सवय. मान हलली की जबडा खटकन खाली. दोनदा कप दातांवर आला. तिसऱ्यांदा मी होकार देणंच बंद केलं, आणि ज्याचा अर्ज लिहून द्यायचा होता तो मला शिष्ट समजून उठून गेला.

शनिवार आला तरी ठरेना. तेव्हा मुंजाजी म्हणाला की आपण मडकं घेताना वाजवून घेतो, बैल घेताना पळवून घेतो, मग हेल्मेट नुसतं घालून काय कळणार? ते आपटून पाहिलं पाहिजे. आत डोक्याच्या जागी नारळ बांधू आणि गच्चीवरून खाली टाकू. ज्यातला नारळ शाबूत, ते जावयाचं. मला हे इतकं पटलं की मी स्वतः चार नारळ घेऊन आलो. (कोंबडीला खाली उतरवलं. ती दिवसभर बोलली नाही.) अर्ध्यातला नारळ वाटेतच निसटला आणि मुंजाजीच्याच गोठ्यात जाऊन दावणीवर फुटला, त्यावर त्याच्या बैलाने ताव मारला. उघड्या तोंडातल्याला भेग गेली, पाणी गळायला लागलं. मगरीने हवेतच जबडा उघडला आणि नारळ बाहेर टाकून दिला. काळं मात्र धप्पकन पडलं, एक उडी मारली आणि थांबलं. आत नारळ जसाच्या तसा. गल्लीने टाळ्या वाजवल्या. काळ्या रंगावरून चार दिवस तोंड फिरवणाऱ्या तुमच्या सासूबाईंनी तो नारळ स्वतः उचलला, कानाशी हलवून पाहिला आणि पदराने पुसला.  रात्रीच्या पोळ्या पातळ होत्या.

रविवारी चारही घेऊन मी बालाजीकडे गेलो. काळं ठेवायचं, तीन परत. ओरखडे होते, ते कबूल करायची मनाची तयारी केली होती. त्याने एकेक उलटं करून आतला थर्माकोल अंगठ्याने दाबून पाहिला आणि विचारलं, काका, पाडलं का? मी अभिमानाने सांगितलं की चारही गच्चीवरून पाडली आणि काळं पास झालं. बालाजी खुर्चीवर बसला. म्हणाला, “काका, ते एकदाच झेलतं. आतला माल दबला की संपलं. आता हे दिसायला हेल्मेट, कामाला भांडं.” म्हणजे जे नापास झालं ते नापासच, आणि जे पास झालं ते पास झाल्यामुळेच निकामी. असली परीक्षा मी बोर्डातही पाहिली नव्हती. चारही हेल्मेटं घरी परत आली, कायमची. एक कोंबडीकडे आहे. अर्ध्याने सासूबाई पोत्यातली सरकी काढतात. मगर मुंजाजीच्या नातवाला खेळायला दिली. काळं मी ओसरीत खुंटीला टांगलं आहे.

येताना मी विचार करत होतो. पारखून दिलेलं हेल्मेट देता येत नाही, न पारखलेलंच द्यावं लागतं, आणि ते वेळेला झेलेल असा भरवसा ठेवावा लागतो. मग आठवलं, जावई तरी मी दुसऱ्या कुठल्या रीतीने निवडला होता? तुम्हाला पाहायला सेनगावला आलो तेव्हा गच्चीवरून टाकून पाहिलं नव्हतं. तांड्यावरच्या मिराबाईने एवढंच सांगितलं, की तिचं वासरू आडवं पडलं होतं आणि तुम्ही भर पावसात गाडी ढकलत आलात, वासरू उठेपर्यंत थांबलात. त्या एका वाक्यावर मी माझी एकुलती एक पोरगी दिली. आता तुम्हाला आपटून पारखायची माझी तयारी नाही. तुम्ही मला आहात तसे, न आपटलेले हवे आहात. हे मी समोर आलात तर बोलणार नाही, म्हणून इथे लिहिलं.

तेव्हा निर्णय असा. एक नवं हेल्मेट बालाजीने बाजूला काढून ठेवलं आहे. पूर्ण बंद, आणि पिवळं. हळदीचा रंग, सासूबाईंच्या देवालाही चालतो. पुनमसाठीही तसंच, तिच्या मापाचं. तुमच्या हरकती मला पुनमकडून कळल्या आहेत, त्यांची उत्तरं क्रमाने. हेल्मेट घातलं की लोक ओळखत नाहीत, वाटेत हाक मारत नाहीत : सेनगाव तालुक्यात पिवळं हेल्मेट दुसऱ्या कोणाचं नाही याची मी जगनकडून खात्री केली आहे, पिवळं दिसलं की डॉक्टर आले असं पोरंसोरं ओरडतील. जनावरं बुजतात : गोठ्याबाहेर काढून ठेवा, गोठ्यात कोणी वेगाने गाडी चालवत नाही. केस जातात : या आठवड्याआधी मी आयुष्यात कधी हेल्मेट घातलं नव्हतं, माझ्या केसांकडे पाहा.

लिहिता लिहिता कागद संपत आला. थोरामोठ्यांना नमस्कार, गाभण गाईच्या पाठीवरून माझा हात फिरवावा. अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.

आपला सासरा व अर्जदार,
माणिकराव

ता. क. : एवढं सगळं लिहून झाल्यावर लक्षात आलं की बालाजीने तुमच्या डोक्याचं माप मागितलं आहे आणि ते माझ्याकडे नाही. लग्नात तुमच्या बोटाचं, शर्टाचं, चपलेचं माप घेतलं, डोक्याचं कोणीच विचारलं नाही. सोबत सुतळी जोडली आहे. टाक्यांना धक्का न लावता कपाळाभोवती गुंडाळा, गाठ मारा आणि जगनच्या हाती परत पाठवा.

ता. क. २ : म्हशीबद्दल. मी चौकशी केली. त्या वेळी पुलाकडे गावातली एकही म्हैस नव्हती. तुम्ही घसरलात ते रस्त्यावर वाळत टाकलेल्या सोयाबीनवर, आणि ते सोयाबीन माझं होतं. शेतात ओल होती, डांबर तापलेलं होतं, म्हणून मीच टाकलं होतं. कडेच्या पोत्यांवर माझं नाव होतं, ते तुम्ही वाचलं असणार. मुंजाजी पलीकडच्या शेतातून धावत येत होता. त्याने पाहिलं की तुम्ही उठलात, रुमाल कपाळाला धरलात आणि दुसऱ्या हाताने विस्कटलेला दाणा कडेला सारून ठेवलात. मग दवाखान्यात म्हैस सांगितली. मला हे तेव्हापासून माहीत आहे. सासऱ्याने जावयाची माफी मागायची आपल्यात रीत नाही आणि त्या अर्जाचा नमुना मला ठाऊक नाही, म्हणून चार हेल्मेटांचं लांबण लावलं. मला माफ करा. सोयाबीन त्याच दिवशी उचललं, आता अंगणात आहे. राग असेल तर इथे येऊन काढा. हेल्मेट नको असेल तर एसटीने या. पण या.

ता. क. ३ : जावईबापू, मी तुमची सासू, मंजुळाबाई. पाकिटात घालायला दिलं तवा म्या सगळं वाचलं. ह्यायनी लिवलेलं समदं खरं हाय, एक सोडून. सोयाबीन म्या टाकलं व्हतं. हे म्हनत व्हते, रस्त्यावर नगं, आज जावई येनार हाय. म्या आईकलं न्हाई. तुमी म्हैस सांगितली, ह्यायनी सोताचं नाव सांगितलं, आता खरं सांगायला म्याच उरले. माझ्यापायी लेकराच्या कपाळाला टाके पडले, तवापासून घास गोड लागत न्हाई. पुनमला घेऊन दिवाळीला या. ओवाळताना कुंकू जपून लावते, टाक्याला लागू देनार न्हाई.